घरगुती मसाल्यांच्या धंद्याला लोगो डिझायनरकडूनच करून घ्यावा का?

तुमचा प्रश्न असा आहे: घरगुती मसाले-लोणच्यांचा धंदा सुरू करताय, फोनवरच्या अ‍ॅपमध्ये लोगो फुकट होतो, भाऊ म्हणतो तोच वापर, मग डिझायनरला पैसे का द्यायचे आणि किती?

भाऊ म्हणतो, हे वाचलं आणि लिहायला बसले. आमच्याकडे हेच भाऊजी, म्हणजे माझे दीर, म्हणायचे.

आम्ही बडोद्याचे. दांडिया बाजारात सासूबाईंनी घरातून भाजणी आणि मेतकूट विकायला सुरुवात केली. पुढे गोडा मसाला आला, उपवासाची भाजणी आली. गिऱ्हाईक आधी सगळं मराठी होतं, नंतर गुजराती बायकाही थालीपिठाची भाजणी मागायला लागल्या. २०१७ साली खंडेराव मार्केटच्या आसपासच्या दुकानांत माल ठेवायचं ठरलं. म्हणजे साध्या पिशवीवर चिकटवलेली चिठ्ठी बंद, छापील पाऊच हवेत. आणि पाऊच म्हटलं की लोगो आलाच. मी म्हटलं, कुणा जाणकाराला विचारू. भाऊजी म्हणाले, "चित्राला कसले पैसे? हिचा भाचा कॉम्प्युटरवर बसलेलाच असतो."

जाऊबाईंच्या भाच्याने एका संध्याकाळी लोगो करून दिला. मोबदला एक पिझ्झा. नऊवारीतली बाई उखळात मुसळाने कांडते आहे, मागे सोनेरी उजेड, खाली सावली, आणि सासूबाईंचं नाव अशा अक्षरात की शिरोरेषा लांब ओढून बाईच्या डोक्यावर छप्पर केलेलं. फोनवर फार देखणं दिसलं, हे मी आजही नाकारत नाही. मीही फॅमिली ग्रुपवर टाळ्या पाठवल्या होत्या.

मकरपुऱ्याला पाऊच छापायला गेलो. तिथला माणूस म्हणाला, "बेन, ओपन फाइल आपो. सीडीआर." म्हणजे रेषांची मूळ फाइल, कितीही मोठी केली तरी न फाटणारी. आमच्याकडे व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेलं जेपीजी. त्याने ते मोठं करून दाखवलं तर बाईचा चेहरा म्हणजे नुसत्या फरशा. "ट्रेस मारी दउं?" भाऊजी म्हणाले, मार. ट्रेस म्हणजे कॉम्प्युटरकडून चित्राच्या कडा पुन्हा रेषांत काढून घेणं. ते केल्यावर नाक गेलं, नथ मात्र राहिली, ती ओठावर मिशीसारखी. सोनेरी शेडमुळे रंग वाढले. या छपाईत प्रत्येक रंगाचा वेगळा सिलिंडर, म्हणजे छपाईचा रूळ, लागतो, आमचे पाच झाले. रोल ठरावीक वजनाच्या खाली छापत नाहीत, त्यामुळे लागणार होते त्याच्या कितीतरी पट पाऊच गळ्यात पडले. सिलिंडर आणि रोल मिळून सव्वा लाख. पिझ्झा वेगळा.

पाऊच दुकानात टांगायला वर भोक असतं ना, ते बरोबर बाईच्या कपाळात आलं.

खोक्यांची तर कथाच निराळी. खोका एका रंगात छापतात. काळ्या रंगात पदर, अंबाडा, मुसळ सगळं एकमेकांत मिसळलं. एक दुकानदार खोका उतरवून घेताना निरागसपणे विचारतो, "बेन, आ रींछ केम मूक्युं छे?" रींछ म्हणजे अस्वल. मी नीट बघितलं, आणि मग मलाही झाडाला मिठी मारलेल्या अस्वलाखेरीज काही दिसेना.

हे हसण्यावारी नेलं असतं. पण २०१९ च्या उन्हाळ्यात पुण्याला लग्नाला गेलो होतो. कार्यालयाच्या कोठीघरात कुठल्याशा पापडांचं पाकीट पडलेलं, आणि त्यावर आमची बाई. तेच उखळ, त्याच पाच बांगड्या. फरक इतकाच की त्यांची बाई उजव्या हाताने कांडत होती आणि आमची डावखुरी होती. भाच्याने नेटवरून चित्र उतरवून आरशासारखं उलटवलं होतं. पोराचा दोष नाही. एकोणीस वर्षांचा मुलगा, त्याला चित्र हवं होतं, ते मिळालं. दोष फुकट मागणाऱ्यांचा.

परत आल्यावर ट्रेडमार्कसाठी, म्हणजे खूण आपल्या नावावर नोंदवायला, वकिलांकडे गेलो. त्यांचा पहिला प्रश्न, "चित्र कोणाचं?" भाऊजी म्हणाले, "आमच्या भाच्याने काढलंय." वकील म्हणाले, "काढलंय की उतरवलंय?" भाऊजी पंख्याकडे बघायला लागले.

तुमच्या अ‍ॅपचं उत्तर इथेच आहे. तयार टेम्प्लेट किंवा त्यातलं तयार चित्र घेऊन केलेला लोगो ट्रेडमार्क म्हणून तुमच्या एकट्याच्या नावावर होत नाही. कॅनव्हा या डिझाइनच्या अ‍ॅपच्या तर अटींतच तसं लिहिलंय. तेच जात्याचं चित्र, तीच मिरची दुसरा कुणीही उचलू शकतो, आणि तुम्ही त्याला अडवू शकत नाही. धंदा पाच किलोचा असेल तोवर कुणी उचलणार नाही, हेही खरं.

मग मी हट्टाला पेटले. इथल्या विद्यापीठाच्या फाइन आर्ट्सला अप्लाइड आर्ट, म्हणजे जाहिरात-छपाईसाठीचं चित्रकाम, शिकलेली एक मुलगी शोधली, तेव्हा तिला काम करून सहा-सात वर्षं झाली होती. तिने पस्तीस हजार सांगितले, तीन हप्त्यांत. भाऊजी जेवता जेवता म्हणाले, "पस्तीस हजारात पाच क्विंटल हरभरा डाळ येते." बरोबर, येते. पण अस्वलावर सव्वा लाख गेले, त्याची डाळ कुणी मोजली नव्हती.

आणि हे बडोद्यात! ज्या गावात सयाजीराव महाराजांनी १८९० साली कलाभवन काढलं, दादासाहेब फाळके जिथे शिकले, जिथल्या फाइन आर्ट्समध्ये इंदूरहून निघालेले चित्रकार ना. श्री. बेंद्रे १९५० पासून शिकवायला होते, त्या गावात चित्राला कसले पैसे म्हणून विचारतात. असो.

ती मुलगी आली आणि दोन तास काहीही काढलं नाही. प्रश्न विचारत बसली. माल कोण घेतं, दुकानात पाऊच टांगतात की उभे ठेवतात, पाट्या कुठल्या लिपीत, टेम्पोवर नाव लिहिणार का. मग म्हणाली, "तुमचा रबरी शिक्का द्या." आमचा जांभळ्या शाईचा शिक्का तिने घेतला आणि बिलबुकावर, खाकी खोक्यावर, पिठाच्या पिशवीवर, तीन ठिकाणी उमटवून बघितला. म्हणाली, "जे इथे नीट उमटेल तेच काढायचं. रंग नंतर." मला वाटतं पस्तीस हजारांतले निम्मे तिथेच वसूल झाले.

शिरोरेषेचं छप्परही तिने पहिल्यांदा उडवलं. गुजरातीत शिरोरेषाच नाही, मग दुकानाच्या गुजराती पाटीवर छप्पर कुठून आणणार? आमच्यासारख्यांना नाव तीन लिप्यांत लागतं: मराठी गिऱ्हाइकाला देवनागरी, पाटीला गुजराती, पार्सलला इंग्रजी. तिने खूण अक्षरांपासून वेगळी ठेवली आणि तिन्ही लिप्यांतली नावं एकाच जाडीची करून दिली. ही गोष्ट भाच्याच्या काय, माझ्याही डोक्यात आली नसती.

शेवटी खूण ठरली ती जात्याची. वरून दिसणारं जातं: एक गोल, मधे घास टाकायचं तोंड, कडेला खुंटा. बस्स. एका रंगात. खुंटा मुद्दाम जरा उजवीकडे वर, त्यामुळे जातं फिरताना मधेच थांबलंय असं वाटतं. सासूबाईंनी बोट फिरवून बघितलं आणि म्हणाल्या, "खुंटा बरोबर आहे." जाऊबाई म्हणाल्या, "हे तर कुणीही काढलं असतं." भाऊजी म्हणाले, "पस्तीस हजारात दोन गोल."

मी त्यांना त्यांच्याच खिशातलं पासबुक काढायला लावलं. स्टेट बँकेची खूण काय आहे? एक निळा गोल, त्याला खाली एक फट. अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत शेखर कामतांनी १९७१ साली केलेली. तीही कुणीही काढली असती. काढली नाही कुणी.

त्यावर भाऊजींनी दुसऱ्या दिवशी ग्रुपवर फॉरवर्ड टाकला की नाइकेचा लोगो ३५ डॉलरला झाला. झाला, १९७१ लाच. पण काढणारी कॅरोलिन डेव्हिडसन पोर्टलंडच्या विद्यापीठात ग्राफिक डिझाइन शिकत होती, कुणाची भाची म्हणून नाही. आणि १९८३ साली कंपनीने तिला बोलावून शेअर दिले, ते फॉरवर्डमध्ये नव्हतं. हा मेसेज मी तेव्हा टाइप करून खोडला होता.

आता तुमच्या कामाचं थोडं. पैसे किती, याला एक आकडा नाही. शिकत असलेली मुलं काही हजारांत करतात, मोठे स्टुडिओ लाखांत. मात्र जो पहिल्याच भेटीत काही न विचारता दहा नमुने दाखवतो, त्याला चहा पाजून पाठवा. ओपन फाइल मिळणार हे आधी ठरवा, आणि एका रंगातलं रूप आधी बघा. कागद करा. बाहेरच्या माणसाने केलेल्या चित्राचा हक्क नुसते पैसे दिले म्हणून आपोआप तुमचा होत नाही, लेखी करून घ्यावा लागतो. त्या कागदात मुदत लिहिली नाही तर कायदा ती पाच वर्षं धरतो आणि प्रदेश लिहिला नाही तर फक्त भारत. हे मला वकिलांनी नाही, त्या मुलीनेच सांगितलं. ट्रेडमार्कची सरकारी फी मालाच्या एका वर्गाला ऑनलाइन ४,५०० रुपये, एकट्याच्या नावावर अर्ज असेल किंवा उद्यम (लघुउद्योगाची सरकारी) नोंदणी असेल तर, नाहीतर ९,०००. मसाले वर्ग ३० मध्ये येतात, लोणची २९ मध्ये, म्हणजे तुम्हाला दोन वर्गांची फी. नोंदणी दहा वर्षं चालते, मग नूतनीकरण.

एक राहिलंच. धंद्याला अजून सहा महिनेही झाले नसतील तर यातलं काहीच करू नका. स्वच्छ अक्षरात नाव लिहा, चिठ्ठी चिकटवा, माल विका. आम्हीही तसंच सुरू केलं होतं. जातं आल्यावर विक्री वाढली, पण ती दिवाळीच्या तोंडावर आणि दोन नवी दुकानं मिळाल्यावर वाढली, त्यामुळे लोगोने वाढली असं मी छातीठोक सांगणार नाही. चव सासूबाईंची आहे. भाऊजी हे दर दिवाळीला सांगतात, आणि तेवढ्यापुरतं त्यांचं बरोबर आहे. आणि डिझायनर म्हणवणारेही भाच्यासारखं उतरवून देतात, तेव्हा आधीचं काम बघून घ्या.

अस्वलाचे पाऊच अजून माळ्यावर आहेत. लॅमिनेट असल्यामुळे रद्दीवालाही घेत नाही. जाऊबाई पावसाळ्यात त्यात चपला गुंडाळून ठेवतात.

गेल्या वर्षी भाऊजींनी नवं घर बांधलं. लोखंडी फाटकावर त्यांना काहीतरी हवं होतं. पत्रा कापणाऱ्याने विचारलं, ओपन फाइल आहे का? संध्याकाळी मला फोन, "वहिनी, ती जात्याची सीडीआर आहे का तुमच्याकडे?" मी पाठवली. फाटकावर आता दोन फुटांचं जातं आहे, खुंट्यासकट, कुठे फाटलं नाही की बुजलं नाही. पस्तीस हजारांचा विषय मी तेव्हा काढला नाही. इथे काढते आहे, कारण ते या साइटवर नाहीत.