क्लेझ्मर म्हणजे वाजंत्री (आणि संतूर शंभर तारांचा नव्हे)

“ज्यूंच्या संगीताला क्लेझमर म्हणतात असं वाचलं. हे बरोबर आहे का? आणि मराठीत कसं लिहायचं : क्लेझमर, क्लेझ्मर की क्लेझमेर?” असा प्रश्न आला आहे.

बरोबर नाही. प्रश्न आला ते एका अर्थी बरंच झालं, कारण हा शब्द नको तिथे ऐकून माझे कान किटलेत. मागे एका कार्यक्रमात बेने इस्रायली (कोकणातले मराठी बोलणारे ज्यू) मंडळींनी मराठी कीर्तनातली पदं म्हटली. पेटी, टाळ, साकी, दिंडी, योसेफाचं आख्यान. डोळे मिटले असते तर पेणच्या एखाद्या देवळात बसलोय असं वाटलं असतं. पद संपतं न संपतं तोच निवेदिका म्हणाली, “हे आपलं भारतीय क्लेझमर!” अहो बाई, भाषा मराठी, वृत्तं मराठी, 1880 च्या सुमारास मुंबईत हे कीर्तन सुरू झालं तेच मुळी शेजारपाजारची हरिकीर्तनं ऐकून. त्याला आधीच एक नाव आहे. कीर्तन!

क्लेझ्मर म्हणजे वाजंत्री. पोलंड, युक्रेन, रुमानिया या पट्ट्यातल्या यिडिश बोलणाऱ्या ज्यूंच्या लग्नात वाजवणारे. पुढे व्हायोलिन, साथीला त्सिम्बल नावाचं काड्यांनी वाजवायचं तंतुवाद्य. क्लॅरिनेट मागाहून आलं. नवरीला खुर्चीवर बसवायचं, भोवती बायका, आणि बदखन नावाचा शीघ्रकवी यमकं जुळवत तिला आता माहेर सुटलं, बालपण सरलं असं ऐकवत रडवणार. त्याच्या ओळी संपल्या की व्हायोलिन तोच हुंदका पुढे ओढणार. थोड्या वेळानं तेच वादक सगळ्यांना नाचवणार. हे क्लेझ्मरांचं काम.

आता शब्द. हिब्रूत ‘क्ली’ म्हणजे साधन, भांडं, अवजार. आपलं ‘यंत्र’ म्हणा. ‘झेमर’ म्हणजे गाणं-वाजवणं. ‘क्ले झेमर’ म्हणजे वाजवायची यंत्रं, वाद्यं. यिडिशमध्ये तो शब्द वाद्यावरून वाजवणाऱ्यावर सरकला. संगीताच्या प्रकाराचं नाव म्हणून तो सर्रास झाला तो 1970 नंतर, अमेरिकेत या संगीताचं पुनरुज्जीवन झालं तेव्हा. त्याआधी न्यूयॉर्कमध्ये एखाद्या शिकलेल्या वादकाला ‘क्लेझ्मर’ म्हटलं तर तो चिडायचा. स्वरलिपी न येणारा, लग्नात वाजवून पोट भरणारा असा त्याचा वास होता. आणि आपल्याकडे? वाजंत्र म्हणजे वाद्य, वाजंत्री म्हणजे वाजवणारा, आणि “दारात वाजंत्री वाजतेय” म्हटलं की ते वादनसुद्धा. तेच लग्न, तीच मानपानात मागची पंगत. वाजंत्र हा शब्द काही जण ‘वादित्र’वरून आणतात. आणोत. मला त्यात वाद्य आणि यंत्र ऐकू येतात, म्हणजे क्ली आणि झेमरच, फक्त क्रम उलटा. दोन भाषांची तोंडओळखही नाही आणि एकाच मापाचा शब्द शिवला!

पण खरी गंमत ‘झेमर’मध्ये आहे. झ-म-र हा सेमिटिक, म्हणजे हिब्रू-अरबीच्या कुळातला, धातू. त्यातूनच हिब्रू ‘मिझमोर’, म्हणजे स्तोत्र. अरबीत ‘मिझमार’ म्हणजे फुंकवाद्य; त्याचं अनेकवचन ‘मझामीर’ सूफींचा समा, म्हणजे संगीताची बैठक, धर्माला चालतो की नाही या वादात हटकून भेटतं. मिझमोरचं ग्रीक भाषांतर करणाऱ्यांनी शब्द निवडला ‘प्साल्मोस’. त्याचं क्रियापद ‘प्सालेइन’, अर्थ : बोटानं खेचून सोडणं. धनुष्याची दोरी, तार, केस, काहीही. हसिदी या भक्तिपंथाचे ज्यू शब्दांविना गातात त्या ‘निगुन’चा न-ग-न हा धातूही मुळात तार छेडण्याचाच. म्हणजे गाणं गळ्यातून नाही, बोटातून आलं. आणि हिब्रूत झ-म-रचा आणखी एक अर्थ आहे : द्राक्षवेलीची छाटणी. आजच्या इस्रायलमधल्या गेझेर इथे 1908 साली सापडलेल्या चुनखडीच्या छोट्या पाटीवर शेतीचे महिने कोरलेत, त्यात ‘झमर’चे दोन महिने आहेत. बायबलमधल्या गीतरत्नात वसंत आल्यावर ‘झामीर’ची वेळ झाली असं म्हटलंय, ते गाणं की छाटणी, यावर अजून वाद चालतो. कोशकार हे दोन वेगळे धातू मानतात. मानू देत. वेलीची काडी चिमटीत धरून खट्कन तोडणारा हात आणि तार खेचून सोडणारा हात मला एकच दिसतो. नाशिककडच्या बागेत छाटणी चालू असताना पाच मिनिटं नुसतं उभं राहून ऐका, मग माझ्याशी भांडा.

त्या प्साल्मोसच्या घरातलंच एक वाद्य म्हणजे ‘प्साल्तेरिओन’. बायबलच्या दानीएल पुस्तकात तिसऱ्या अध्यायात नबुखद्नेस्सर राजा सोन्याची मूर्ती उभारतो आणि फर्मान काढतो की वाद्यं वाजली की सगळ्यांनी पालथं पडायचं. वाद्यांची ती यादी एका अध्यायात चारदा येते, भाषा अरामी, आणि तीत एक आहे ‘प्संतेरीन’. ग्रीक प्साल्तेरिओनच, ल चा न झालेला. यादीच्या शेवटी ‘झमारा’ म्हणजे सगळं संगीतही आहे. आपला झ-म-र तिथेही हजर. पुढे तोंडातला जड ‘प्स’ हलका झाला, आणि काय उरलं? संतीर, संतूर.

इथे कुणीतरी हात वर करणारच : “संतूर म्हणजे शततंत्री वीणा!” मैफलीत, मुलाखतीत, शाळेच्या पुस्तकात, जिकडेतिकडे हेच. काश्मिरी संतूरला पंचवीस घोड्या आणि प्रत्येकीवर चार तारा, म्हणजे शंभर, हे खरं. पण इराणी संतूरला अठरा घोड्या नि बहात्तर तारा, तरी त्याचं नाव संतूरच. तिथे ‘शत’ कुठे गेलं? शिवाय शतचं प्राकृतात सय होतं, मराठीत शे. म्हणून आपण दोनशे म्हणतो. शततंत्रीचं ‘संतूर’ कुठल्या नियमानं झालं आणि शेवटचा ‘ऊर’ कुठून टपकला, हे कुणी सांगत नाही. वाद्य आवडतं म्हणून त्याची जन्मपत्रिका संस्कृतात मांडायची, हा आपला जुना रोग.

हे विषयांतर वाटत असेल तर 1932 सालच्या कैरोला चला. अरबी संगीताची मोठी परिषद भरली होती. इराकचा गायक मुहम्मद अल-कुब्बांजी मुसलमान, साथीचे वादक ज्यू. ऊद या तंतुवाद्यावर एझरा अहरोन, संतूरवर यूसुफ पताव. बगदादी मकामची (मकाम म्हणजे साधारण आपला राग) वाद्यं वर्षानुवर्षं ज्यूंच्या हातात होती. हे ज्यूंचं संगीत की इराकचं? दोन्ही. पण क्लेझ्मर नक्कीच नाही, जरी पतावांचं संतूर आणि युक्रेनचा त्सिम्बल एकाच घराण्यातले असले तरी.

बाकीच्या ज्यूंचंही तसंच. ग्रीसमधल्या सालोनिकाच्या बायका जुन्या स्पॅनिशमधून निघालेल्या लादिनो बोलीत प्रणयकथा गात. सीरियातल्या अलेप्पोचे ज्यू अरबी गाण्याची चाल उचलून तीवर हिब्रू स्तोत्र बसवत (अभंगाला नाट्यपदाची चाल लावतात तसं), आणि दर शब्बाथला, म्हणजे शनिवारी, त्या आठवड्याच्या धर्मग्रंथ-वाचनाप्रमाणे मकाम ठरवत. येमेनमध्ये तर तांब्याचं ताट नाहीतर पत्र्याचा डबा बोटांनी वाजवून ठेका धरायचा, आणि त्यावर असं गायचं की तंबोऱ्याची आठवण येऊ नये. इथिओपियाच्या ज्यूंची प्रार्थना गीझ या तिथल्या जुन्या भाषेत. कोचीच्या बायकांची गाणी मल्याळममध्ये, हातानं लिहिलेल्या वह्यांतून जपलेली. इथिओपियाचं गीझ वाचन सोडलं तर तोरा, म्हणजे ज्यूंचा धर्मग्रंथ, सगळ्यांची एक, तिच्यावरच्या स्वरखुणाही एक, चाल मात्र गावोगावची निराळी. त्या खुणांना हिब्रूत ‘तआमिम’ म्हणतात, म्हणजे चवी. इतका नेमका शब्द मी दुसऱ्या कुठल्या संगीतशास्त्रात पाहिलेला नाही.

अब्राहम झ्वी इडेलसोन या पंडितानं जेरुसलेममध्ये फोनोग्राफवर या चाली टिपल्या आणि 1914 ते 1932 मध्ये दहा खंड छापले. सगळ्या चालींच्या तळाशी एकच प्राचीन झरा आहे असं त्याचं म्हणणं. खंडांना दंडवत, झऱ्याबद्दल शंका. माझ्या मते मूळ एक शोधायच्या नादात त्याला शेजाऱ्यांचा आवाज कमी ऐकू आला. बेने इस्रायलींच्या मलिदा या विधीचंच बघा. पोहे, खोबरं, साखर, फळं ताटात रचून एलियाहू हन्नाबीचं गाणं म्हणतात. संदेष्टा हिब्रू, ‘मलिदा’ शब्द फारसी, म्हणजे चुरलेलं, आणि पोहे अलिबागचे.

हां, लिहायचं कसं ते राहिलंच. क्लेझ्मर. झ अर्धा, कारण यिडिशमध्ये जोर ‘क्ले’वर पडतो आणि झ पुढच्या म ला टेकतो. अनेकवचन क्लेझ्मोरिम, पण मराठीत ‘क्लेझ्मर आले’ म्हटलं तरी चालेल, जसं वाजंत्री आले.