‘मॅडम, मला स्वतःचे मतच नाही’

पदव्युत्तर मराठीच्या अंतर्गत मूल्यमापनाच्या तारखा जवळ आल्या की आमच्या महाविद्यालयाच्या समुपदेशन कक्षात एक तक्रार हमखास येते. निबंध लिहून झालेला असतो, पाने भरलेली असतात, संदर्भही दिलेले असतात, परंतु निबंध तपासून परत येतो तेव्हा समासात शेरा असतो : ‘वर्णन ठीक, पण तुमचे म्हणणे काय?’ हा शेरा वाचून विद्यार्थी आपल्या लेखनाऐवजी आपल्या बुद्धीवरच शंका घेऊ लागतो, आणि म्हणून मराठी विभागातला हा प्रश्न माझ्या टेबलापर्यंत येऊन पोहोचतो. अशा एका विद्यार्थिनीचा अनुभव तिच्या संमतीने, ओळख पटू नये इतके तपशील बदलून, येथे मांडत आहे.

ही मुलगी पुणे जिल्ह्याच्या पूर्वेकडील एका गावातून शिकायला आलेली, वसतिगृहात राहणारी आणि घरातली पहिली पदवीधर होती. व्यंकटेश माडगूळकर यांच्या ‘बनगरवाडी’ या १९५५ साली प्रसिद्ध झालेल्या, धनगरांच्या वाडीवर शाळामास्तर म्हणून आलेल्या तरुणाची गोष्ट सांगणाऱ्या कादंबरीवर तिने निबंध लिहिला होता आणि त्यावर वर सांगितला तसाच शेरा आला होता. समोर बसताच ती म्हणाली, “मॅडम, वर्गात सगळ्यांना काही ना काही सुचते. मला स्वतःचे मतच नाही. मी पुढे शिकावे की नाही, असे वाटू लागले आहे.” अशा वेळी धीर देणे सोपे असते, पण नुसता धीर दिला तर विद्यार्थी तो घेऊन जातो आणि पुढचा निबंध पुन्हा तसाच लिहितो. म्हणून मी तिला निबंध दाखवायला सांगितले.

निबंध नीटनेटका होता. आरंभी दोन पाने लेखकाचा परिचय, मग कथानक, व्यक्तिचित्रण, वातावरणनिर्मिती, भाषाशैली आणि शेवटी समारोप. अप्पा बळवंत चौकात मिळणारे कोणतेही मार्गदर्शक उघडावे, त्यात हीच मथळ्यांची रांग दिसते. शाळेपासून आपण मुलांना या मथळ्यांखाली मजकूर भरायला शिकवतो आणि पदव्युत्तर वर्गात गेल्यावर एकाएकी विचारतो की तुझे म्हणणे काय. माझ्या मते दोष मुलांच्या विचारशक्तीत नसून या साच्यात आहे, कारण साच्यातल्या प्रत्येक खणाला आपापली माहिती असते, पण सर्व खणांना मिळून काही सिद्ध करायचे नसते.

तिच्या निबंधाचे मध्यवर्ती विधान असे होते : ‘बनगरवाडी ही ग्रामीण जीवनाचे वास्तव आणि हृदयस्पर्शी चित्रण करणारी कादंबरी आहे.’ मी तिला या वाक्यातील ‘बनगरवाडी’ खोडून तेथे उद्धव शेळके यांची ‘धग’ किंवा आनंद यादव यांची ‘गोतावळा’ घालून पाहायला सांगितले. वाक्य जसेच्या तसे चालले. मग विचारले, “या वाक्याशी भांडायला कोणी उभे राहील का?” ती हसून म्हणाली, “कोण भांडेल, मॅडम?” साहित्यकृतीचे नाव बदलूनही जे विधान तसेच उभे राहते आणि ज्याला समंजस वाचक विरोध करू शकत नाही, ते खोटे नसले तरी निबंध पेलू शकत नाही, सगळ्यांना आधीच मान्य असलेले दहा पाने सिद्ध करत बसण्याचे कारणच उरत नाही.

यानंतर मी तिला मत विचारले नाही. मत विचारले की संकोची विद्यार्थी समीक्षकांची वाक्ये आठवू लागतो. मी एवढेच विचारले, “वाचताना कुठे अडखळलीस? काय पटले नाही, काय जुळले नाही?” बराच वेळ गेल्यावर ती म्हणाली, “मास्तर एवढे सगळे करतो. शाळा चालती करतो, तालीम उभी राहते, राजा गावात येतो. आणि मग दुष्काळ पडतो आणि गावच उठून जाते. लेखकाने हे सगळे आधी उभे तरी कशाला केले?” तिच्या आवाजात थोडा राग होता. ज्या मुलीला स्वतःचे मत नव्हते, तिची लेखकाकडेच तक्रार होती! विधानाचा उगम बहुधा अशा न जुळणाऱ्या तपशिलातच असतो. ते सुचण्याची वाट पाहत बसलेल्यांना ते क्वचितच सुचते.

पुढच्या भेटीला ती पहिला प्रयत्न लिहून घेऊन आली : ‘बनगरवाडीतील मास्तर गाव सुधारण्यात अपयशी ठरतो.’ आता यावर भांडता येत होते, ही मोठी प्रगती होती. पण हे विधान घाईचे होते. पाऊस न पडणे हे मास्तराचे अपयश कसे? मुले शाळेत येऊ लागली, गावाने श्रमून तालीम बांधली, याचे काय करायचे? विधानाच्या आड येणारे पुरावे बाजूला सारले तर निबंध एकांगी होतो, आणि त्यांच्यासह विधान मांडायचे म्हटले तर ते बदलावेच लागते. मी तिला आठवडाभर सर्व समीक्षा बंद ठेवून फक्त कादंबरी, हातात पेन्सिल घेऊन, पुन्हा वाचायला सांगितले. विद्यापीठाच्या जयकर ग्रंथालयातून काढलेल्या पानांच्या छायाप्रतींचा गठ्ठा तोवर माझ्या कपाटात राहिला.

या आठवड्यातच खरे काम झाले. तिने दोन रकाने आखले : गावात काय स्थिर आहे आणि काय हलते. शाळा आणि तालीम या भिंतींच्या गोष्टी एका बाजूला. मेंढरे आणि त्यांच्यामागे जाणारी माणसे दुसऱ्या बाजूला. त्यावरून तिने लिहिले : ‘मास्तर गावाला जे देऊ पाहतो ते सर्व जागेला बांधलेले आहे, तर धनगरांचे जगणे कळपामागे चालणारे आहे; दुष्काळात माणसे निघून जातात आणि भिंती मागे राहतात, म्हणून ही कादंबरी एका माणसाच्या अपयशापेक्षा सुधारणेच्या स्थिर कल्पनेची मर्यादा दाखवते.’

विधान चांगले होते, आणि म्हणूनच ते ताणून पाहणे आवश्यक होते. मी विचारले, “मग शेकूचे काय करशील?” बैल अपुरा पडतो म्हणून ज्याची बायको स्वतः जू खांद्यावर घेते, तो शेकू शेतीच करतो. म्हणजे येथील सगळेच जगणे कळपामागे चालणारे नाही. जमिनीची ओढही तितकीच तीव्र आहे. ती हिरमुसली आणि म्हणाली, “म्हणजे हेही चुकले.” समुपदेशक म्हणून हा क्षण मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, कारण विरोधी पुरावा सापडला की बहुतेक विद्यार्थी एक तर विधान सोडून देतात किंवा पुरावा लपवतात. तिसरा मार्ग विधानाला अट घालण्याचा आहे. तिने दोन दिवसांनी ‘धनगरांचे जगणे कळपामागे चालणारे आहे’ हे काढून तेथे ‘गावाचे जगणे जमीन आणि कळप या दोन ओढींमध्ये सापडलेले आहे, आणि मास्तराची सुधारणा त्यांतील फक्त पहिली ओढ ओळखते’ असे घातले. आता शेकूचा प्रसंग तिच्या निबंधाचा विरोधक न राहता त्याचा मुख्य पुरावा झाला.

मुख्य भीती मात्र अजून शिल्लक होती. “एकाही नामवंत समीक्षकाने असे म्हटलेले नाही. मग मी कशी म्हणू? निबंध तपासणाऱ्या मॅमना उद्धटपणा वाटला तर?” ही भीती खोटी नाही. ज्या घरात आणि शाळेत मोठ्यांपुढे न बोलणे हाच चांगुलपणा मानला गेला, तेथून आलेल्या मुलीला छापील मतापुढे स्वतःचे वाक्य ठेवणे अवघड जाते, आणि ‘आत्मविश्वास ठेव’ असे सांगून ते सोपे होत नाही. मी तिला एवढेच सुचवले की ‘मला असे वाटते’ हे शब्द निबंधातून पूर्ण काढून टाक आणि त्या प्रत्येक जागी कादंबरीतला प्रसंग ठेव. वाचकाला पटवण्याचे ओझे मग तिच्या योग्यतेवरून पुराव्यावर जाते. आठवड्यानंतर कपाटातला गठ्ठा तिला परत दिला. यावेळी तिने समीक्षकांची वाक्ये टेकू म्हणून वापरली नाहीत, कोठे त्यांच्याशी सहमत होऊन तर कोठे थोडे वेगळे होऊन त्यांच्याशी बोलली.

बाकीच्या दुरुस्त्या लवकर झाल्या. लेखकपरिचयाच्या दोन पानांतून औंध संस्थानाच्या मुलखाचा उल्लेख तेवढा राहिला, कारण राजाच्या भेटीचा अर्थ लागायला तो लागत होता. भाषाशैलीवरचा परिच्छेद सुंदर होता; पण विधानाला त्याचा उपयोग नव्हता, म्हणून तो तिने नाखुशीने काढला. प्रस्तावना तिने सर्वांत शेवटी पुन्हा लिहिली, कारण लिहिता लिहिता विधान पुन्हा थोडे सरकले होते. याची काळजी करू नये. पहिल्या पानावरचे विधान आणि शेवटच्या पानावरचे विवेचन एकमेकांशी जुळते ना, एवढे पाहावे.

सुधारित निबंध परत आला तेव्हा समासात पुन्हा शेरा होता, आणि या वेळी तो लांब होता : तालीम जर गावाने स्वतः श्रमून बांधली, तर तिला मास्तराची सुधारणा का म्हणायचे? तो कागद घेऊन ती माझ्याकडे आली ती थोडी चिडूनच. मॅमनी शेकूचा पुरावा नीट वाचला नाही, असे तिचे म्हणणे होते. अर्धा तास तिने मला ते समजावून सांगितले, मग स्वतःच थांबून म्हणाली की तालमीचा मुद्दा मात्र खरा आहे. पुढच्या सत्रातील संशोधन प्रकल्पासाठी तिने तोच विषय घेतला आहे : बनगरवाडीतील तालीम नेमकी कोणाची.