आईच्या गुडघेदुखीसाठी ॲक्युपंक्चर सुरू करण्याआधी

तुमची आई सत्तरीच्या घरात, गुडघे काही वर्षांपासून दुखतायत, रक्त पातळ ठेवणारी गोळी रोज चालू आहे, सुयांची धास्ती आहे आणि ओळखीतल्या कुणीतरी सांगितलंय की ॲक्युपंक्चरने, म्हणजे शरीरावरच्या ठरावीक बिंदूंवर बारीक सुया टोचण्याच्या उपचाराने, सगळ्या गोळ्या सुटतात. करावं का, आणि आधी काय माहीत असावं, असं तुम्ही विचारलंय. मी डॉक्टर नाही. मायग्रेनसाठी बरीच वर्षं अधूनमधून हे उपचार घेतेय, घरातल्या इतरांसोबतही गेले आहे, आणि त्या निमित्ताने यावर जमेल तेवढं वाचलंय.

आधी ते गोळ्या सुटण्याचं बघू, कारण खरा धोका तिथेच आहे. सुयांनी दुखणं कमी झालं तर वेदनाशामक गोळी कमी लागू शकते, आणि तीही डॉक्टरांना विचारून कमी करायची. पण रक्त पातळ ठेवणारी गोळी दुखण्यासाठी नसतेच. हृदयाचे ठोके अनियमित असतील, झडप बदललेली असेल किंवा पायात गुठळी होऊन गेली असेल, तर पुन्हा गुठळी होऊ नये म्हणून ती दिलेली असते. ते काम कुठलीही सुई करत नाही. कुणी ती गोळी बंद करा म्हणालं, अगदी ‘फक्त सुया टोचायच्या दिवसापुरती’ असं म्हणालं तरी, तिथे उपचार घेऊ नका.

याचा अर्थ ही गोळी चालू असताना ॲक्युपंक्चर घेताच येत नाही, असा नाही. सुया फार बारीक असतात आणि रक्ताचे अहवाल ठीक असतील तर अशा अनेकांना ते काळजीपूर्वक दिलं जातं. मात्र गोळी लिहून देणाऱ्या डॉक्टरांना आधी विचारा. ती गोळी वॉरफरिन असेल तर रक्त गोठायला किती वेळ लागतो हे सांगणाऱ्या आयएनआर तपासणीचा अलीकडचा रिपोर्ट सोबत न्या. सुया टोचणाऱ्या व्यक्तीला गोळीचं नाव सांगा, म्हणजे ती खोल सुया टाळेल आणि सुई काढल्यावर तिथे कापूस थोडा जास्त वेळ दाबून धरेल. पेसमेकर असेल तर कुणी विचारलं नाही तरी तेही सांगा, कारण काही ठिकाणी सुयांना तारा जोडून विजेचा सौम्य प्रवाह देतात. पेसमेकर असताना हृदयरोगतज्ज्ञांच्या संमतीशिवाय तो घेऊ नये. मधुमेहामुळे पायांची संवेदना कमी झाली असेल, रक्तातल्या प्लेटलेट कमी असतील, निकेलची ॲलर्जी असेल, फिट येत असतील, कॅन्सरचे उपचार चालू असतील, तर या गोष्टीही लपवू नयेत. गरोदर बाई असेल तर काही बिंदू टाळले जातात.

दुसरं म्हणजे गुडघा नक्की कशाने दुखतोय याचं निदान आधी झालेलं असावं. नाडी किंवा जीभ पाहून गुडघ्यातला संसर्ग कळत नाही. गुडघा अचानक सुजला, लाल आणि गरम झाला, ताप आला, पायावर भार देता येईना, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठायचे. कंबरदुखीत लघवीवरचा ताबा गेला किंवा जांघेत बधिरपणा आला, तरी तसंच. अशा वेळी सुया घेत वाट पाहण्यात जे दिवस जातात, ते परत मिळत नाहीत.

आता गुण येतो का? सरळ हो किंवा नाही असं उत्तर नाही, म्हणून जरा सविस्तर लिहिते. जर्मनीत जुनाट कंबरदुखीच्या १,१६२ रुग्णांवर एक मोठी चाचणी झाली, तिचे निष्कर्ष २००७ साली प्रसिद्ध झाले. रुग्णांचे तीन गट केले. एकाला ठरलेल्या बिंदूंवर खऱ्या पद्धतीने सुया, दुसऱ्याला बिंदू सोडून भलतीकडे वरवर टोचलेल्या सुया, तिसऱ्याला औषधं, फिजिओथेरपी, व्यायाम असे नेहमीचे उपचार. सहा महिन्यांनी पहिल्या गटात ४७.६ टक्के, दुसऱ्यात ४४.२ टक्के आणि तिसऱ्यात २७.४ टक्के लोकांना ठरवलेल्या निकषाइतका आराम होता. म्हणजे सुया घेतलेल्यांना नेहमीच्या उपचारांपेक्षा बराच जास्त फायदा झाला, पण सुई नेमक्या बिंदूवर बसली की नाही याने जवळपास फरक पडला नाही. माझ्या मायग्रेनचंही चित्र साधारण असंच आहे. अनेक चाचण्यांचे निष्कर्ष एकत्र तपासणाऱ्या कॉक्रेन या संस्थेच्या २०१६ च्या आढाव्यात डोकेदुखीचे दिवस निम्म्यावर येण्याचं प्रमाण सुया घेणाऱ्यांत ४१ टक्के आणि न घेणाऱ्यांत १७ टक्के होतं. लुटुपुटूच्या सुयांशी तुलना केली तेव्हा ५० विरुद्ध ४१ टक्के, म्हणजे फरक आहे, पण लहान.

यातून मी एवढंच घेते की आराम खरा असतो, त्यातला मोठा वाटा शांत पडून राहण्याचा, कुणीतरी लक्ष देऊन ऐकण्याचा आणि अपेक्षेचा असतो, आणि बिंदूंबद्दलचे ठाम दावे मनावर घ्यायचे नसतात. गुडघ्याच्या झिजेबाबत तज्ज्ञांमध्येही एकमत नाही. कोणते उपचार द्यावेत याच्या सूचना देणाऱ्या ब्रिटनच्या नाइस या संस्थेने २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांत संधिवाताच्या या प्रकारासाठी ॲक्युपंक्चर देऊ नये असं म्हटलंय. त्याच संस्थेने २०१२ साली मायग्रेन टाळण्यासाठी मात्र दहापर्यंत सिटिंगचा पर्याय सुचवला होता. म्हणून आईला ‘गुडघे बरे होतील’ असं सांगून नेऊ नका. झिजलेली कूर्चा सुयांनी भरत नाही. दुखणं काही काळ हलकं वाटेल, कदाचित झोप सुधारेल. मांडीचे स्नायू बळकट करणारे व्यायाम आणि वजन जास्त असेल तर ते उतरवणं, हे चालू ठेवायचंच. सुयांमुळे व्यायाम सुटला तर तोटा झाला, आणि दुखणं कमी झाल्याने व्यायाम जमायला लागला तर माझ्या मते तोच मोठा फायदा.

सुयांच्या भीतीबद्दल आईंना हे सांगा. या सुया भरीव असतात, बहुतेक वेळा पाव मिलिमीटरच्या आसपास जाड. इंजेक्शनची सुई पोकळ आणि बरीच जाड असते. टोचताना मुंगी चावल्यासारखं होतं, मग कधी जडपणा, ठणका किंवा झिणझिण्या जाणवतात. एवढं चालतं. वीज चमकल्यासारखी कळ गेली किंवा सहन होईना, तर लगेच बोलायचं, सोसायचं नाही. सुया साधारण वीस ते तीस मिनिटं ठेवतात, तेवढा वेळ हलायचं नाही. उपाशीपोटी जाऊ नये, चक्कर येते. पहिल्या वेळी झोपूनच घ्या आणि परत येताना तुम्ही सोबत राहा.

धोका किती? जर्मनीतच सुमारे २ लाख २९ हजार रुग्णांची नोंद ठेवली गेली. त्यातल्या ८.६ टक्के लोकांनी काहीतरी त्रास सांगितला, बहुतेक किरकोळ रक्त येणं किंवा काळंनिळं पडणं. दोघांच्या फुप्फुसाला इजा होऊन छातीत हवा साठली. म्हणजे गंभीर प्रकार विरळा, पण घडतात, आणि ते टोचणाऱ्याच्या शरीररचनेच्या ज्ञानावर अवलंबून असतात. गुडघ्यासाठी खांद्यावर, पाठीवर किंवा छातीवर खोल सुया कशासाठी, हे विचारायला संकोचू नका.

माणूस निवडताना प्रशिक्षण कुठे आणि किती झालं, तुमच्या भागात अधिकृत नोंदणी असते का आणि त्यांची आहे का, हे विचारा. सुया निर्जंतुक, एकदाच वापरायच्या आणि सीलबंद असाव्यात. पाकीट तुमच्यासमोर फुटलं पाहिजे, वापरलेल्या सुया कडक डब्यात गेल्या पाहिजेत. ‘तुमच्या सुया धुऊन पुढच्या वेळी वापरू’ हे चालणार नाही. अशा पुनर्वापरातून हिपॅटायटिस बी पसरल्याची उदाहरणं आहेत. टोचून झाल्यावर सुया मोजून काढतात का तेही बघा, एखादी केसांत किंवा कपड्याखाली राहून जाते.

वीस-तीस सिटिंगचे पैसे आधी भरू नका. सहा सिटिंग ठरवा. पहिल्या दिवसाआधीच आईंच्या बोलीत लिहून ठेवा: जिना चढताना किती दुखतं, खुर्चीतून हात न टेकता उठता येतं का, रात्री किती वेळा जाग येते, वेदनाशामक गोळी आठवड्यातून किती वेळा लागते. सहाव्या सिटिंगनंतर तेच प्रश्न पुन्हा विचारा. यातलं काहीच बदललं नसेल तर थांबा, मग समोरचा कितीही म्हणो की आता कुठे गुण यायला लागलाय. बदल असेल तर आणखी काही घ्या आणि मग अंतर वाढवत न्या.

घरी आल्यावर दिवसभर थकवा किंवा हलकं दुखणं राहू शकतं. टोचलेली जागा लाल होऊन पसरायला लागली, पू झाला, रक्त थांबेना, किंवा धाप लागून छातीत दुखायला लागलं, तर सुया टोचणाऱ्याला फोन करत बसू नका, थेट दवाखान्यात न्या आणि ॲक्युपंक्चर घेतल्याचं तिथे सांगा.