हार्मोनच्या गोळ्या २१ दिवस घ्यायला सांगितल्यात, घेऊ की नको?

ताई, तुम्ही लिहिलंय की वय ४३, पाळीत अंगावरून खूप जातं, सोनोग्राफीत गर्भाशयाचं आतलं अस्तर जाड आलं म्हणून डॉक्टरांनी नॉरएथिस्टेरॉन २१ दिवस दिलीय आणि मैत्रीण म्हणते अजिबात घेऊ नकोस, कॅन्सर होतो. मी डॉक्टर नाही, ठाण्याची आहे, मला फायब्रॉइड (गर्भाशयातल्या गाठी) आहेत म्हणून या गोळ्या बऱ्याचदा घेतल्यात, तेवढ्या अनुभवावर लिहितेय.

आपल्या शरीरात इस्ट्रोजेन अस्तर वाढवतं आणि प्रोजेस्टेरॉन त्याला आवर घालतं. चाळिशीनंतर दर महिन्याला अंडं सुटतंच असं नाही, नाही सुटलं की प्रोजेस्टेरॉन बनत नाही, अस्तर वाढतच राहतं आणि मग पाळी आली की धो धो. ही गोळी प्रोजेस्टेरॉनचंच काम करते, म्हणजे गर्भाशयापुरतं बोलायचं तर मैत्रिणीने उलटं सांगितलंय, धोका आहे तो अस्तर मोकाट वाढू देण्यात. हां, ब्रेस्ट कॅन्सर झालेला असेल तर मात्र ही गोळी चालत नाही.

माझ्या मते प्रॉब्लेम होतो तो आपण डॉक्टरला अर्धवट सांगतो म्हणून. पायात कधी गुठळी झाली होती का, घरात कुणाला झाली होती का, लिव्हरचं काही, बीपी, सिगारेट, डोकं दुखायच्या आधी डोळ्यांपुढे चमचम येणारी अर्धशिशी, हे सगळं विचारायची वाट न बघता सांगायचं, कारण नॉरएथिस्टेरॉनचा थोडा भाग शरीरात इस्ट्रोजेनमध्ये बदलतो आणि त्याने गुठळीचा धोका वाढू शकतो. टीबीची रिफॅम्पिसिन किंवा फिटची गोळी चालू असेल तर तेही सांगा, त्याने हिचा असर कमी होतो. आणि दिवस राहिले नाहीत ना याची टेस्ट आधी करून घ्या. ही गोळी चालू आहे म्हणजे दिवस राहणार नाहीत असंही धरून चालू नका.

आमच्याकडे गौरी-गणपतीच्या आधी मेडिकलवर बघा, पाळी पुढे ढकलायची म्हणून बायका हीच गोळी चिठ्ठीशिवाय मागतात आणि मेडिकलवाला कात्रीने पट्टी कापून देतो, त्यात बरेचदा नाव आणि एक्सपायरी दुसऱ्याच तुकड्यावर राहते. गोळी तीच पण ना कुणी बीपी बघितलं ना काही विचारलं. घरात सासूबाईंना चालत नाही म्हणून सुनेने दर सणाला ही गोळी गिळायची, याची मला जाम चीड येते, पण तो विषय वेगळा.

तुम्ही सुरू केलीत की वेळ ठरवून घ्या, मी पट्टीवरच पेनाने वार लिहायचे. बरं वाटलं म्हणून मध्येच सोडलीत तर परत अंगावरून जायला लागेल. एखादी राहिली तर दुसऱ्या दिवशी मनानेच दोन घेऊ नका, फोन करून विचारा. स्तन दुखणं, पोट फुगणं, चिडचिड होणं हे होऊ शकतं. कोर्स संपल्यावर दोन-तीन दिवसांनी पाळी येते, ती कधी जरा जास्तही असते, औषध लागू पडलं नाही असं समजू नका. पण एकाच पायाची पोटरी सुजून दुखली, दम लागला, छातीत कळ आली, अचानक भयंकर डोकं दुखलं किंवा दिसायला अंधुक झालं तर गोळी बंद आणि सरळ कॅज्युअल्टी, रात्री असेल तर रात्रीच. तासाला पॅड भिजत असेल तरीही तेच.

आता परत जाल तेव्हा हिमोग्लोबिन करून घ्या. आणि या वयात अस्तर जाड आलं तर बायोप्सी (अस्तराचा छोटा तुकडा काढून तपासणं) करायची का हे गोळ्या सुरू करायच्या आधीच विचारा, तुमच्या प्रश्नात त्याचा कुठेच उल्लेख नाही. बाहेर परवडत नसेल तर कळव्याच्या छत्रपती शिवाजी महाराज हॉस्पिटलला गायनॅक ओपीडी आहे, केसपेपर काढायला सकाळी लवकर जा आणि सोनोग्राफीचा रिपोर्ट न विसरता घ्या.