मुलगी भरभर वाचते, पण तिला द्यायचं काय?

गोरेगावच्या एक आई सहावीतल्या मुलीला घेऊन आल्या. मुलगी पुस्तकांचा फडशा पाडणारी. छोट्या गोष्टी 'बाळबोध' वाटू लागल्या, तेव्हा तिनं कॉलेजातल्या ताईची खुनाची कादंबरी उघडली. निम्म्यावर घाबरून सोडली आणि दिवा लावून झोपू लागली. आईनं कपाटाला कुलूप घातलं, तर ती मोबाइलवर लपून वाचू लागली.

या वयात शब्द आणि वेग पुढं धावतात, मनाची तयारी मात्र वयाइतकीच असते. या दोन गोष्टी वेगवेगळ्या तपासाव्या लागतात. शब्दांचं सोपं आहे: मधलं एक पान वाचायला द्या, अडलेल्या शब्दागणिक एक बोट मिटायचं. पाचही मिटली, तर पुस्तक सध्या जड.

मनासाठी पालकांनीच वीसेक मिनिटं काढायला हवीत. पहिलं प्रकरण, मधलं एक आणि शेवटची चार-पाच पानं वाचा. मृत्यू, भांडणं, गरिबी दिसली म्हणून पुस्तक बाद करू नका. दहा-बारा वर्षांच्या मुलांना हे सगळं भोवताली दिसतंच. ते कसं सांगितलंय, ते पाहा. जखमेचं रसभरीत वर्णन आहे का? नायकाला मन मोकळं करायला कुणी आहे का?

नायक लहान म्हणजे पुस्तक लहानांचं, हेही खरं नाही. प्रकाश नारायण संतांचा लंपन शाळकरी आहे, पण 'वनवास'मधलं न बोललेलं बरंच काही मोठेपणीच उमगतं.

आईला कुलूप काढायला सांगितलं. मुलीशी बोलताना कळलं, तिला कोडं हवं होतं, रक्त नको होतं. मग भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे सुचवला, आणि सत्यजित राय यांचा गुप्तहेर फेलूदा मराठी अनुवादात. तो 1965 साली 'संदेश' या मुलांच्या बंगाली मासिकातूनच सुरू झाला. अर्धवट कादंबरी आईनं स्वतः वाचून शेवट तिला सांगितला, कारण न कळलेला शेवट मुलं कल्पनेनं आणखी भयंकर करतात.

एकदम दहा पुस्तकं विकत आणू नका, वाचनालयाची वर्गणी भरा. तीस पानांत रमली नाही, तर पुस्तक बिनदिक्कत परत करू द्या. नवा लेखक चाखून पाहायला बालभारतीचं 'किशोर' उत्तम: 1971 पासूनच्या या मासिकाचे जुने अंक ऑनलाइन मोफत मिळतात.