"छान दिसतेस गं" म्हणून भागत नाही

"मॅडम, दिवसातून दहा वेळा सांगते मी तिला, तू छान दिसतेस, तरी पटतच नाही तिला." हे वाक्य समुपदेशनाच्या खोलीत माझ्यासमोरच्या खुर्चीतून महिन्यातून एकदा तरी येतंच. यावेळी आई बोलत होती आणि शेजारी सातवीतली लेक, भर उन्हाळ्यात गळ्यापर्यंत चेन लावलेलं जॅकेट घालून, बाह्या ओढून ओढून बोटं झाकत बसलेली. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत.)

आईला बाहेर बसवलं. बराच वेळ नुसतं हं-हं चाललं, मग हळूहळू कळलं की मैत्रिणींनी ग्रुपवर तिच्या एका सेल्फीचं स्टिकर केलं होतं, गाल फुगलेले आणि खाली 'टेडी' लिहिलेलं, आणि कोणी काहीही बोललं की उत्तर म्हणून तेच टाकायचं. गंमत म्हणजे हीसुद्धा खाली हसायची इमोजी टाकत होती, कारण चिडलं की "किती सिरियस घेतेस गं".

"तू जाड नाहीयेस" हे मी म्हटलं नाही. ते म्हटलं की गाडी वजनावरच अडकते, आणि आईचं मत तर मुली धरतच नाहीत, आई तसं म्हणणारच ना. मी विचारलं, स्टिकर आल्यापासून काय काय बंद केलंस? तिने बोटांवर मोजलं. खेळाचा तास. ग्रुप फोटो. डबा.

डब्यापाशी मी थांबले. चक्कर येते का, पाळी बंद झालीये का, खाल्लेलं मुद्दाम उलटून टाकतेस का, सगळं सरळ विचारलं. यातलं काही असेल तर आधी डॉक्टर, मग मी. तिचं तिथवर गेलं नव्हतं, तरी तपासून घ्या म्हटलं, उंचीच्या मानाने वजन ठीक निघालं.

वर्षभरात ते वाढलं होतं हे मात्र खरं. मुली साधारण 8 ते 13 या वयात कधीही वयात यायला लागतात आणि तेव्हा मांड्या, कंबर भरते, ती भरायलाच हवी असते. हिला पाळीचं सांगितलं होतं, पॅड कसं लावायचं तेही सांगितलं होतं, मांड्यांचं कोणीच नाही! आणि तुलना कोणाशी, तर अजून लहानखुऱ्या असलेल्या दोघींशी.

मग माझाच नियम मोडून दिसण्यावर एक प्रयोग केला. तिला माझे दोन फोटो काढायला लावले, एक सेल्फीसारखा फूटभरावरून, एक पाच फुटांवरून. पहिल्यात माझं नाक म्हणजे काय सांगू. अमेरिकेतल्या डॉक्टरांनी 2018 मध्ये याचं गणित मांडलंय, फूटभरावरून नाक पाच फुटांपेक्षा साधारण 30 टक्के रुंद दिसतं. ती पहिल्यांदा हसली ती माझ्या नाकाला. हसू दे.

पुढची दोन सेशन्स एकच वाक्य घोटलं, "ते स्टिकर मला आवडत नाही, डिलीट कर." प्लीज नाही, कारण नाही, इमोजी तर नाहीच. मी मैत्रीण होऊन "अगं जोक होता" म्हणायचे, तिने परत तेच म्हणायचं. आधी आवाजच फुटेना. ग्रुपवर नको, एकेकीला गाठून सांग म्हटलं, बघायला चार जणी असल्या की कोणी माघार घेत नाही. दोघींनी डिलीट केलं. जिने बनवलं तिने नाही केलं, ती पहिलीपासूनची मैत्रीण, आता बोलणं बंद. त्याचं हिला वाईट वाटतं, वाटणारच.

आईला वेगळा गृहपाठ दिला, घरात आठवडाभर कोणाच्याच शरीराबद्दल बोलायचं नाही, चांगलंही नाही आणि स्वतःबद्दलही नाही. "एवढंच ना?" म्हणाली. तिसऱ्या दिवशी मेसेज, "मॅडम, आरशासमोर पोट बघ कसं सुटलंय म्हणाले आणि मागे ही उभी." अजून एकदा सुरू करा म्हटलं. मग रविवारी आत्या आली आणि दारातच, "अगं, केवढी सुटलीस!" लेक आत पळायच्या बेतात, तेवढ्यात आई म्हणाली, "ताई, आमच्याकडे सध्या हा विषय बंद आहे."

लेक बाहेरच बसली, पूर्ण वेळ. आत्या मात्र रुसून गेल्यात, आता त्यांना काय सांगायचं ते विचारायला आई परवा येतेय.