फेरिटिन ११ आहे आणि आयर्नच्या गोळ्या सोसत नाहीत. अन्नापासून बनवलेल्या सप्लिमेंटने साठा भरेल का?

तुम्ही लिहिलंय की फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा दाखवणारी रक्ततपासणी) ११, हिमोग्लोबिन १२.४, सतत थकवा, फेरस सल्फेटच्या गोळ्यांनी मळमळ आणि बद्धकोष्ठता, म्हणून आता ‘फूड-बेस्ड’ आयर्न घ्यायचा विचार आहे. माझं फेरिटिन बराच काळ एक आकडी होतं. गोळ्या मलाही सोसल्या नाहीत. यीस्टवर वाढवलेलं लोह घेऊन माझा साठा भरला, म्हणून सांगते: भरू शकतो, पण बाटलीच्या पुढच्या बाजूला काय छापलंय ते विसरा आणि मागची बारीक अक्षरं वाचा.

मागे बघायचं ते प्रत्यक्ष लोह, म्हणजे ‘एलिमेंटल आयर्न’, किती मिलिग्रॅम आहे ते. फेरस ग्लुकोनेट ३०० मिलिग्रॅम असं लिहिलेलं असलं तरी त्यात लोह जेमतेम ३५ मिलिग्रॅम असतं. ‘फूड-बेस्ड’ या शब्दाखाली तर फारच वेगवेगळ्या गोष्टी विकल्या जातात. काही द्रव टॉनिकांमध्ये फळांचे रस आणि वनस्पतींचे अर्क असतात, पण लोह येतं ते त्यात मिसळलेल्या फेरस ग्लुकोनेटमधून. यात फसवणूक आहे असं मी म्हणत नाही, लोह शोषलं जातं आणि डोस लहान असल्यामुळे पोटही कमी बिघडतं. यीस्टमध्ये लोहाचे क्षार घालून ते वाढवतात, तो दुसरा प्रकार. तिसरा म्हणजे खऱ्या अर्थाने नुसतं अन्न: वाळवलेल्या यकृताच्या कॅप्सूल, स्पिरुलिना वगैरे.

या तिसऱ्या प्रकाराचा हिशेब एकदा मांडून बघा. फेरिटिनचा १ आकडा म्हणजे शरीरात साधारण ८ मिलिग्रॅम साठवलेलं लोह, असं ढोबळ गणित धरतात. तुम्हाला ११ वरून ५० वर जायचं असेल तर रोजची झीज भरून निघाल्यावर वर आणखी ३०० मिलिग्रॅमच्या आसपास लोह रक्तात उतरायला हवं. वाळलेल्या स्पिरुलिनात १०० ग्रॅमला साधारण २८ मिलिग्रॅम लोह असतं, म्हणजे रोज ३ ग्रॅम घेतलं तर १ मिलिग्रॅमसुद्धा होत नाही. यकृताच्या ३ ग्रॅम भुकटीचंही जवळपास तेच. यकृतातलं लोह चांगलं शोषलं जातं हे खरं, पण १ मिलिग्रॅमचा चौथा हिस्सा अंगी लागला तरी ३०० चा खड्डा भरायला तीन वर्षांहून जास्त लागतील. याउलट रोज १८-२० मिलिग्रॅम प्रत्यक्ष लोह देणारं सप्लिमेंट घेतलं आणि त्यातलं ३ मिलिग्रॅम शोषलं गेलं, तर हेच काम तीन-चार महिन्यांत होतं. साठा रिकामा असतो तेव्हा आतडं लोह जास्त ओढून घेतं, त्यामुळे ही अपेक्षा अवाजवी नाही. यकृताच्या कॅप्सूलबद्दल आणखी एक: त्यात जीवनसत्त्व ‘अ’ भरपूर असतं. गरोदर असाल किंवा मूल व्हावं म्हणून प्रयत्न करत असाल, तर त्या घेऊ नका.

लहान डोसची आणखी एक जमेची बाजू आहे. लोहाचा मोठा डोस पोटात गेला की यकृतातून हेप्सिडिन नावाचं हार्मोन जास्त सुटतं आणि पुढचे जवळपास २४ तास आतड्याचं दार निम्मंशिम्मं बंद करून ठेवतं. म्हणूनच हल्ली बरेच डॉक्टर गोळी रोज न देता एक दिवसाआड देतात. पोटाचा त्रासही त्यामुळे कमी होतो. तुमची सध्याचीच गोळी एक दिवसाआड चालेल का, हे नवं काही विकत घेण्याआधी डॉक्टरांना जरूर विचारा. काहींचा प्रश्न तेवढ्यावरच सुटतो.

कसं घ्यायचं, याने मला वाटलं होतं त्यापेक्षा खूप जास्त फरक पडतो. चहा-कॉफी जेवणाबरोबर घेतली तर वनस्पतीजन्य लोहाचं शोषण निम्म्याहूनही खाली येऊ शकतं. सप्लिमेंटच्या आधी आणि नंतर किमान तासभर दोन्ही टाळा. दूध आणि कॅल्शियमच्या गोळ्याही त्या वेळेला नकोत. सोबत ‘क’ जीवनसत्त्व असलेलं काहीतरी घ्या, लिंबू पिळलेलं पाणीसुद्धा चालेल. थायरॉइडची गोळी चालू असेल तर दोन्हींत चार तासांचं अंतर ठेवा, नाहीतर ती गोळी नीट लागू पडत नाही. आम्लपित्तासाठी रोज गोळी घेत असाल तर तेही डॉक्टरांच्या कानावर घाला, कारण पोटातलं आम्ल कमी झालं की लोहाचं शोषणही घटतं. जेवणात डाळी, कडधान्यं, हिरव्या भाज्या, खात असाल तर मांस, हे सगळं हवंच. फक्त एकट्या पालकावर भिस्त ठेवू नका, त्यातलं लोह फार थोडं शोषलं जातं.

आता ज्याबद्दल तुम्ही काहीच लिहिलेलं नाही ते. साठा रिकामा झाला कशाने? टाकीला गळती असेल तर वरून ओतत राहून उपयोग नाही. पाळीत रक्तस्राव जास्त होतो का, दर दोन तासांनी किंवा त्याहून लवकर पॅड बदलावं लागतं का, गुठळ्या पडतात का? हे ‘सगळ्यांनाच होतं’ म्हणून सोडून देऊ नका, त्यावर उपचार आहेत. वारंवार रक्तदान, सीलिअॅक आजार (गव्हातल्या ग्लुटेनमुळे आतड्याला होणारी इजा), जठरात एच. पायलोरी या जंतूचा संसर्ग, पोटातून हळूहळू होणारा रक्तस्राव ही बाकीची कारणं. पुरुषांमध्ये आणि पाळी गेलेल्या बायकांमध्ये फेरिटिन एवढं खाली असेल तर पचनमार्गाची तपासणी आधी, सप्लिमेंट नंतर.

जागतिक आरोग्य संघटनेच्या निकषानुसार निरोगी प्रौढांमध्ये १५ च्या खाली फेरिटिन म्हणजे लोहाची कमतरता, आणि बरेच डॉक्टर ३० च्या खालीच सावध होतात. म्हणजे हिमोग्लोबिन १२ च्या वर असलं तरी तुमचा थकवा मनाचा खेळ नाही. पण हिमोग्लोबिन अजून टिकून आहे म्हणूनच हा सावकाश मार्ग तुमच्यासाठी शक्य आहे. ते घसरू लागलं, धाप लागायला लागली किंवा गरोदरपण असेल तर सावकाश जायला वेळ नसतो. तेव्हा पूर्ण डोसच्या गोळ्या किंवा शिरेतून लोह, डॉक्टर सांगतील ते घ्या.

साधारण तीन महिन्यांनी फेरिटिन पुन्हा तपासा, शक्यतो त्याच लॅबमध्ये. ताप किंवा कुठलाही संसर्ग असताना तपासू नका, कारण सूज असली की फेरिटिन खोटं वर दिसतं. सोबत सीआरपी (शरीरातली सूज दाखवणारी रक्ततपासणी) केली तर ते कळतं. आकडा हलला नसेल तर बाटली बदलत बसू नका, त्यामागचं कारण शोधायला डॉक्टरांकडे जा. आणि घरात लहान मूल असेल तर बाटली कुलपात ठेवा. लोहाचा जास्त डोस लहान मुलांच्या जिवावर बेततो, मग ते लोह कशापासूनही बनवलेलं असो.